हं, काढा आवाज

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून मूड जायला नको. असं कुणा माणसाबद्दल लिहिलेलं हातात आलं की आपण तयारी करूनच बसतो. म्हातारा असणार, तऱ्हेवाईक असणार, वरून काटे आणि आतून गरे असणार, आणि शेवटच्या पानावर जाणार. तर रुमाल परत खिशात ठेवा. हा माणूस गेलेला नाही. ठणठणीत आहे, आणि हे वाचलं तर फोन करून, हळू आवाजात, माझ्या चुका काढेल. म्हणून नाव लिहीत नाही.

दुसरं म्हणजे, पुढे एक बिघडलेली गाडी येणार आहे. तुम्ही म्हणाल, समजलं, आता कुणी तरी फाटका मिस्त्री येईल, बॉनेटला कान लावेल, एक स्क्रू फिरवेल आणि सगळ्या शहाण्यांची तोंडं बंद. तेही नाही. मिस्त्री ढीगभर आले आणि सगळे थकले. मी थकलो, काकू थकल्या. या सगळ्यात कमी थकलेली कुणी असेल तर ती गाडी.

ते माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचो. घर ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात, सिमेंटचं, तीन मजली. खाली बांगड्यांचं दुकान, मधे काका आणि काकू, वर गच्चीला चिकटून माझी खोली. मी शिवपुरीचा. शाळा हिंदी मीडियम, मराठी आईच्या शिव्यांतून शिकलेलो, त्यामुळे माझं मराठी हे असंच आहे, चालवून घ्या. ग्वाल्हेरला एका कोचिंग क्लासच्या रिसेप्शनवर नोकरी होती. दिवसभर एकच, "जी मैडम, नया बैच सोमवार से, जी, एसी है, जी, डेमो क्लास फ्री है." संध्याकाळी घरी यायचो तेव्हा स्वतःचा आवाज कसा आहे ते विसरलेलो असायचो. बाकी सगळ्यांचे लक्षात असायचे. नकला करायची मला खोडच आहे. प्रेशर कुकर, डायरेक्टर साहेबांची शिंक, स्टेशनची अनाउन्समेंट, जे कानात गेलं ते तोंडातून बाहेर.

तर काका. काका आवाज चढवत नसत. कधीच नाही, कुणावरच नाही. इतकं हळू बोलायचे की भाजीवाला ठेल्यावरून अर्धा बाहेर लटकून ऐकायचा. "ओरडायचं काम कबाडीवाल्याचं," म्हणायचे, "त्याला चार गल्ल्या फिरायच्या असतात. आपल्याला कुठे जायचंय?" आणि सगळ्यांना तुम्ही. मला तुम्ही, दूधवाल्याला तुम्ही, गाडीसमोर बसकण मारलेल्या गाईलाही तुम्ही. हॉर्न वाजवायचे नाहीत. काच खाली करून म्हणायचे, "सरता का जरा?" गाय काही सरायची नाही. काका थांबायचे. मागे सगळा बाजार हॉर्नवर हात ठेवून उभा, पुढे काका गाईची वाट बघतायत.

आता जो माणूस ओरडत नाही त्यानं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला बोलवायचं कसं? चमच्यानं. खालून गच्चीवरच्या टाकीला जाणारा लोखंडी पाइप माझ्या खोलीच्या कोपऱ्यातून वर गेला होता. काका आपल्या स्वयंपाकघरात त्या पाइपावर चमचा मारायचे. टक टक, म्हणजे खाली या. नुसतं टकटकटकटक, म्हणजे पाण्याची मोटर बंद करा, टाकी वाहतेय. पहिल्या महिन्यात मला वाटलं भिंतीत काही तरी राहतंय.

रविवारी मित्र आले की पहिली फर्माइश, "अबे, मालिक वाला कर ना." मी पाठ ताठ करायचो, हनुवटी थोडी वर, ग्लास दोन बोटांत धरायचो, आणि काकांच्या त्या बसक्या आवाजात म्हणायचो, "तुम्ही जरा... सरता का?" मित्र लोळायचे.

काकांचे वडील, त्यांना काका बापू म्हणायचे, एका सरदारांच्या मोटारखान्यात होते. मोटारखाना म्हणजे जिथे मालकांच्या गाड्या ठेवायचे, धुवायचे, चालवायचे. तिथली मोठी विलायती मोटार, बॉनेट म्हणजे अख्खा पलंग, बापूंच्या हातात असायची. आणि मोटारखान्याचा एक नियम होता. मागे बसलेल्या बाईसाहेबांना गिअर कळता कामा नये. धक्का नाही, आवाज नाही. बापू फाटकातून बाहेर पडतानाच गाडी वरच्या गिअरात घालायचे आणि मग दिवसभर गिअरच्या दांड्याला हात लावायचे नाहीत. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला पुढच्या फळीवर ठेवून साहेब लोकांना दाखवायचे. थेंब सांडायचा नाही. रविवारी मित्रांसमोर मी बापूही करून दाखवायचो, कधी न बघितलेले.

काका बापूंच्या मांडीवर बसून शिकले होते. म्हणून खासगी बाजारातसुद्धा ते बापूच. गाडी छोटी, पांढरी, चार दारांची, पण काका तिच्यात असे बसायचे की बाहेरून वाटावं मागे कुणी राणीसाहेब आहे. मागे मी असायचो, मांडीवर डबा घेऊन.

डबा मावशीचा. काकूंची धाकटी बहीण बिर्ला नगरात राहायची, गिरणीच्या जुन्या क्वार्टरमध्ये. गिरणी गेली, क्वार्टर राहिली, तशी मावशीही. पलंगावरच असायची. सून दिवसभर एका दुकानात कामाला. दर गुरुवारी काकू डबा घेऊन जायच्या आणि बहिणीची वेणी घालायच्या. बस, एवढंच काम. आठवडाभर ती वेणी तशीच राहायची, गुरुवारी सुटायची, तेल लागायचं, आणि परत बांधली जायची. दोघी त्या वेळात काय काय बोलायच्या. मी आणि काका बाहेर ओट्यावर बसून गुरुवार घालवायचो. माझी सुटी गुरुवारी, आणि डबा उचलायला कुणी तरी हवा, म्हणून मी.

काकूंचे गुडघे गेले होते. ई-रिक्षाची पायरी त्यांना चढता यायची नाही, ऑटोत वाकता यायचं नाही. या गाडीची सीट मात्र बरोब्बर त्यांच्या मापाची. पाठ करून बसायच्या, मग एक पाय आत, मग "आई गं" म्हणून दुसरा. गाडी गेली तर काकूंचं जग म्हणजे खिडकी, आणि खिडकीतून बांगड्यांच्या दुकानाच्या पाटीची वरची कड दिसते, बस.

आणि गाडी ठोकायला लागली.

पहिल्यांदा पडावच्या पुलावर. उन्हाळा चालू झाला होता, तो ग्वाल्हेरचा, ज्यात डांबरसुद्धा कंटाळतं. पूल चढताना काकांनी अॅक्सिलरेटर जरा दाबला आणि बॉनेटमधून आवाज आला, डब्यात खिळे घालून कुणी हलवतंय तसा. ठकठकठकठक. पाय काढला की बंद. दाबला की चालू. काकू म्हणाल्या, "अहो, कोण आलं?"

पुढच्या गुरुवारी परत. मग फूलबागेच्या सिग्नलवर सुद्धा. होळीनंतर काकांचा मुलगा पुण्याहून आला होता, तो पुढे बसला, पूल आला आणि ठकठक. तो खाली उतरल्यावर काकांना म्हणाला, "बाबा, हे इंजिन बसणार. पुलाच्या मधे बंद पडली तर आईला घेऊन तुम्ही काय करणार? उचलून नेणार?" पोरगा वाईट नाही हो. घाबरलेला होता. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती, कागद नव्यानं करायचे होते. तो म्हणाला, त्याच्या आत आवाज गेला तर ठेवा, नाही गेला तर विका. आणि पुण्याला परत जाऊन त्यानं ऑनलाइन एक गिऱ्हाईकही बघितलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी येऊन घेऊन जाईन म्हणाला तो माणूस.

काका फोनवर म्हणाले, "बरं." एवढंच.

मग सुरू झाली मिस्त्र्यांची फेरी. पाटणकर बाजाराच्या मागे एक, स्टेशनजवळ एक, कम्पूत एक. प्रत्येक ठिकाणी तेच. काका चावी द्यायचे आणि बाजूला व्हायचे. त्यांचा तोही एक मोटारखान्याचा नियम. कारागिराच्या हातात चावी दिली की काम होईपर्यंत मालकानं गाडीला बोट लावायचं नाही, त्यात कारागिराचा अपमान. मिस्त्री गाडीत बसायचा, एक राउंड मारून यायचा आणि सांगायचा, "बाबूजी, गाड़ी तो मक्खन है." काका म्हणायचे, "चढ़ाई पे आवाज करती है." मिस्त्री परत जायचा, पूल चढून यायचा. मक्खन. मग काका इतके उदास दिसायचे की बिचारा काही तरी करून द्यायचा. एकानं प्लग बदलले. एकानं सांगितलं, दुसऱ्या पंपावरून पेट्रोल भरा. एकानं औषध घातलं, म्हणाला इंजिनचं पोट साफ होईल. एकानं इंजिनाखालचे रबर बदलले. गुरुवारी पुलावर, ठकठकठकठक.

एका संध्याकाळी पाइप वाजला. खाली गेलो. काका खुर्चीत, समोर चहा निवलेला.

"तुम्ही आवाज काढता म्हणे," ते म्हणाले.

कोण म्हणे, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, काकूंनी जिन्यात ऐकलं असेल.

"गाडी मिस्त्र्यासमोर बोलत नाही. तुम्ही बोला. तिच्या बदल्यात."

असा मी गाडीचा वकील झालो. पुढच्या मिस्त्र्याकडे काका मला पुढे करायचे आणि म्हणायचे, "हं, काढा आवाज." मी ओठ आवळून, जीभ टाळ्याला लावून, ठकठकठक. मन लावून करायचो बरं का. सपाट रस्त्यावरचा वेगळा, पुलावरचा वेगळा, काकूंसकटचा वेगळा, काकूंशिवायचा वेगळा. लोक जमायचे. कम्पूच्या गराजमध्ये एक जण म्हणाला, "भैया, जनरेटर का आता है?" दुसरा म्हणाला, "ट्रैक्टर!" मी ट्रॅक्टर केला. काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही ट्रॅक्टरचे नाही, आमचे आहात."

पण आवाज ऐकून प्रत्येक मिस्त्री वेगळंच सांगायचा. एक म्हणाला टॅपेट. एक म्हणाला बेअरिंग, इंजिन उतरवावं लागेल. एकानं डोळे मिटून ऐकलं, परत काढायला लावलं, आणि म्हणाला, "आपका गला बहुत अच्छा है." दिवसभर कोचिंगचे फोन, आणि संध्याकाळी त्या उकाड्यात गल्लोगल्ली मोटारगाडी होऊन ठोकायचं. रात्री जेवताना जबडा दुखायचा. तरी काका विचारत, "उद्या वेळ आहे ना?" आणि त्या आवाजाला नाही म्हणता येत नाही, कारण आधी वाकून तो ऐकावा लागतो, आणि वाकलेला माणूस नाही कसं म्हणेल?

शेवटचा राहिला तो हजीऱ्याचा उस्ताद, त्याच्याकडे बुधवारी गेलो. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं, बोलताना अर्धं वाक्य गिळून टाकायचा. माझा आवाज त्यानं ऐकला आणि म्हणाला, "नॉकिंग है. असली वाली. लेकिन..." आणि गाडी घेऊन गेला. परत आला. मक्खन. परत गेला. परत आला. मग स्टूल ओढून काकांसमोर बसला. "बाबूजी, मेरे से नहीं बोल रही. आप ही चला के दिखा दो एक बार."

काका उठून उभे राहिले. "चावी मी तुम्हाला दिली आहे," मराठीतच म्हणाले, आणि दुकानाच्या बाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभे. उस्ताद माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "नियम है उनका." उस्ताद म्हणाला, "तो नियम से ही ठीक करवा लो."

त्यानं शनिवारी सकाळी गाडी परत आणायला सांगितलं. मधे गुरुवार होता. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

त्या गुरुवारी आम्ही बिर्ला नगरला गेलो. पूल चढताना ठकठक झालंच. काकूंनी मावशीची वेणी घालायला घेतली. मी पाण्याचा तांब्या द्यायला आत गेलो तेव्हा मावशी म्हणत होती, "अगं, दुखतंय. किती ओढतेस."

"ओढू दे," काकू म्हणाल्या. "आता किती दिवस राहावी लागेल कुणास ठाऊक."

मावशी मग डोकं मागे करून बसून राहिली. मी तांब्या ठेवला आणि बाहेर आलो. ओट्यावर काका पुलाच्या दिशेनं बघत बसले होते, जिथून पूल दिसतही नाही.

शनिवारी मी क्लासला दांडी मारली, हजीऱ्याला पोचलो. काकांनी चावी दिली, स्टुलावर बसले, चहा आला. उस्ताद मला म्हणाला, "आज आप चलाओ. मैं बाजू में बैठ के सुनता हूँ." मी चालवली. मला चालवता येते, शिवपुरीत मामाची जीप चालवली आहे. पुलापर्यंत गेलो, चढलो, उतरलो. आवाज नाही. परत फिरलो. उस्तादानं खिडकीवर डोकं टेकवलं. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता हा माणूस दुसरा धंदा बघणार.

"बाबूजी चलाते कैसे हैं वैसे?" त्यानं विचारलं. असंच, वेळ घालवायला.

आता मला हे विचारायचं म्हणजे काय हो? मी गाडी बाजूला घेतली. पाठ ताठ केली. हनुवटी वर. स्टिअरिंग दोन बोटांत, जसा भरलेला पेला. आणि निघालो. पहिला गिअर नावाला, दुसरा नाहीच, तिसरा जरा, आणि चौथा. ठेलेवाल्यापर्यंत पोचायच्या आत चौथा. वेग सायकलचा. समोर एक बाई पिशव्या घेऊन. मी काच खाली केली. "सरता का जरा?" उस्ताद पोट धरून हसायला लागला. "हूबहू! अरे हूबहू!" मला आणखी चेव आला. पूल आला. काका पूल कसा चढतात? गिअर बदलत नाहीत. बाईसाहेबांना कळेल ना! नुसता पाय, हळूच, आदबीनं, खाली.

ठकठकठकठकठक.

उस्तादाचं हसू तिथेच थांबलं. माझंही. मी पाय काढला, बंद. दाबला, चालू.

"फिर से," उस्ताद म्हणाला. "बाबूजी बन के."

परत गेलो. माझ्यासारखी चालवली, तिसऱ्यात पूल चढलो, चूप. काकांसारखी चालवली, ठकठक. परत. परत. पुलावरचा ट्रॅफिकवाला आम्हाला बघून वैतागला.

"इसमें दम कितना है," उस्ताद शेवटी म्हणाला. पहिल्यांदा त्यानं वाक्यं पूर्ण केली. "बड़ी मोटर होती तो टॉप में रेंगती भी, चढ़ भी जाती. ये तो बच्चा है. बच्चे की पीठ पे बोरी रख दी और बोल रहे हैं, चढ़, और आवाज मत कर. तो ठोकेगा ही ना! गाड़ी में कुछ नहीं है. दूसरे-तीसरे में चढ़ाओ, चिल्लाने दो थोड़ा. अच्छी चलेगी. ऐसे चलाया तो सच में बैठ जाएगी."

मग आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. इतके दिवस शोधलेली चीज सापडली होती आणि आनंद कुणालाच नव्हता.

"मैं नहीं बोलूँगा," उस्ताद म्हणाला. "मैं बोल दूँगा कोई पार्ट बदला है, नया पार्ट है, कुछ दिन दूसरे-तीसरे में ही चलाना."

बरी आयडिया होती. मी हो म्हटलं. येईपर्यंत मनातल्या मनात वाक्यही बसवलं.

दुकानात पोचलो. काका स्टुलावर, तसेच. चहाचा ग्लास खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बोलली?"

"बोलली, काका."

"काय निघालं?"

उस्ताद पुढे झाला, "वो बाबूजी, एक पार्ट..." आणि नेहमीसारखं बाकीचं गिळलं. काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मलाच म्हणाले, "हं, काढा आवाज. कुठून येतो तो, नीट ऐकू दे."

मी तोंड उघडलं. खोटा आवाज मला आयुष्यात काढता आला नाही हो, तीच माझी अडचण. मी बाजूचा टायर ओढला, त्याच्यावर बसलो. पाठ ताठ केली. हनुवटी वर. दोन बोटं. पहिला, तिसरा, चौथा. "सरता का जरा?" गराजमधली पोरं हसायला लागली, त्यांनी काकांना ओळखलं. मी थांबलो नाही. आता थांबणं जास्त वाईट झालं असतं. पूल आला. गिअरला हात नाही. पाय हळूच खाली. आणि काकांच्याच चेहऱ्यानं, ओठ आवळून, ठकठकठकठक.

मग मी तसाच बसून काल्पनिक दांडा मागे ओढला. तिसरा. जोरात घूं केलं. आणि ठकठक बंद केली.

हसणं संपलं होतं. उस्ताद एका पान्याकडे बघत होता. काका माझ्याकडे बघत होते, माझ्या पायाकडे, त्या हवेतल्या दांड्यावरच्या हाताकडे.

मग ते उठले, उस्तादाच्या हातातून चावी घेतली. स्वतः. न विचारता. आणि गाडीत जाऊन बसले. मी मागे. डबा नव्हता, तरी हात मांडीवर तसेच.

पुलापाशी त्यांचा हात दांड्यावर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, नाही करणार. मग त्यांनी दुसरा टाकला, असा काही की दोघांची मान पुढे आली. गाडी किंचाळली. खरंच किंचाळली, पुलावरचे लोक वळून बघायला लागले. काकांचे कान लाल झाले. पण चढली. एक ठक नाही. खासगी बाजारात शिरलो तेही तसंच बोंबलत. गाय उठून बाजूला झाली. स्वतः.

काकू खिडकीत. "बाई!" त्या म्हणाल्या. "ही आपली? मला वाटलं टँकर आला." मग काकांनी त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी वर पळालो होतो. पण जिन्यातून काकूंचा फोन ऐकू येत होता, पुण्याला. "त्या माणसाला सांग, नको येऊस. हो, सापडलं. काही बदललं नाही रे, ओरडते आता. पण चढते."

दुपारी पाइप वाजला. टक टक. इतका हळू की मला वाटलं भास.

खाली गेलो. काका पाइपाजवळ उभे, हातात चमचा. बसा म्हणाले नाहीत. मी सवयीनं वाकलो, ऐकायला.

"तुला काय वाटतं," काका म्हणाले, "हा पाइप फक्त खालून वर जातो?"

मी पाइपाकडे बघितलं.

"माझा चमचा तुला ऐकू येतो, आणि तुझं तोंड मला येत नाही? दर रविवारी. तुझे मित्र आले की काकू इथे खुर्ची घेऊन बसते. गुडघ्यांना तेवढीच करमणूक. ते सरता का, ते तू बरं करतोस. बापूंचं चुकतं. बापू तसे बोलत नव्हते. तसं मी बोलतो."

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला आणि थांबला.

"नक्कल माणसाच्या माघारी करतात. ती रीत आहे. हजीऱ्यावर, चार पोरांसमोर, टायरवर बसून, तोंडावर? लाज नाही वाटली? आणि करायचीच होती," इथे त्यांचा आवाज जरा फाटला, "तर बुधवारी करायला काय झालं होतं तुला? रोज माझ्या मागे बसतोस, सगळं बघतोस, वर जाऊन करतोस, मग मिस्त्र्यासमोर नुसतं ठकठक काय करत बसलास इतके दिवस? तिनं ती वेणी किती ओढून घातली गुरुवारी! डोकं दुखलं त्या बाईचं!"

मी तसाच वाकलेला.

"आता त्या गाडीत मला काही ऐकू येणार नाही. दुसऱ्या गिअरात हा असा गोंधळ. ही शेजारी बसून काय बोलते, मला कळायचं नाही. तू मागे बसायचं, तिचं ऐकायचं आणि मला सांगायचं. दर गुरुवारी. समजलं?"

"हो काका," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल की जरा!" काका ओरडले. "काय पुटपुटतोस!"